वाचकांचे प्रश्न : संमेलनात जुने लेखकमित्र भेटतील का?

प्रश्न : माझ्या दोन कादंबऱ्या आल्या आहेत, तिसरी लिहितो आहे. आमच्या बरोबरीचे चार-पाच लेखक पूर्वी दर संमेलनात भेटायचे. सात वर्षांत मी कुठेच गेलो नाही आणि आता संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता उरलाय. पुढच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला जायचं ठरवतोय. एवढ्या गर्दीत निवांत भेट होते का?
— एक कादंबरीकार, परभणी

उत्तर : होते, पण ती आधी ठरवावी लागते. मुख्य मांडवात परिसंवाद चालू असतो, त्याच वेळी दुसऱ्या मांडवात कथाकथन आणि पलीकडे कविकट्टा. पाच मित्र पाच ठिकाणी बसतात. वाटेत गाठ पडली की ‘अरे, तू कधी आलास? जेवताना भेटू’ एवढं बोलणं होतं, आणि जेवणाच्या रांगेत पुन्हा चुकामूक होते.

बहुतेक भेटी निवासामुळे हुकतात. निमंत्रितांची सोय हॉटेलात असते, तर प्रतिनिधींची वसतिगृहात किंवा मंगल कार्यालयात. मध्ये चार-पाच किलोमीटरचं अंतर, आणि रात्रीची शेवटची बस गेली की संपलं. म्हणून पाचही जणांनी प्रतिनिधी नोंदणी एकाच दिवशी करा. संमेलनाच्या दहा-बारा दिवस आधी निवास समितीला एकच लेखी संदेश पाठवा : पाच नावं, पाच पावती क्रमांक आणि ‘एकत्र खोली मिळावी’ एवढी विनंती. खोल्यांच्या याद्या शेवटच्या आठवड्यात होतात. फोनवर नुसतं तोंडी सांगितलेलं त्या धावपळीत कुणाच्या लक्षात राहत नाही. पावती मोबाइलवर असली तरी छापील प्रत जवळ ठेवा. सोबत ओळखपत्र, एक चादर आणि कुलूप घ्या. तुमच्यापैकी कुणी निमंत्रित असेल, तर रात्री त्यानं तुमच्याकडे यावं. हॉटेलच्या खोलीत पाच जणांना मोकळेपणी बसता येत नाही.

मांडवात मोबाइलची रेंज जाते. हजारो माणसं एका मैदानात आली की फोन लागत नाही आणि संदेश तासाभरानं पोचतो. त्यामुळे जागा आणि वेळ घरूनच ठरवून निघा. दुसऱ्या दिवशी सकाळी 10 वाजता ग्रंथप्रदर्शनात तुमच्या प्रकाशकाच्या गाळ्यासमोर भेटणं सर्वांत सोयीचं. गाळा क्रमांक आदल्या दिवशी कळतो, पण प्रकाशकाचं नाव आधीपासून माहीत असतं. त्या वेळी गर्दीही विरळ असते.

पहिल्या दिवशीची ग्रंथदिंडी चुकवू नका. माइक नाही, खुर्च्या नाहीत, शेजारी शेजारी तासभर चालायचं. इतक्या वर्षांनी भेटणाऱ्यांना समोरासमोर बसण्यापेक्षा चालता चालता बोलणं सोपं जातं. त्याच दिवशीच्या उद्घाटनाला मात्र भेटीची वेळ जोडू नका, ते क्वचितच वेळेवर सुरू होतं. शेवटच्या दिवशी दुपारी खुल्या अधिवेशनात ठराव मांडले जात असतात, तेव्हा निम्म्यांचं लक्ष एसटीच्या वेळापत्रकाकडे असतं.

जमलं तर प्रवासच एकत्र करा. 2025 च्या फेब्रुवारीत दिल्लीला तालकटोरा स्टेडियमवर 98वं संमेलन झालं, तेव्हा पुण्याहून साहित्यिक-रसिकांसाठी खास रेल्वेगाडी सुटली होती. एका डब्यात दीड दिवस बसलेल्या माणसांना ओळख जुनी करायला दुसरं निमित्त लागत नाही.

आता रात्रीबद्दल. कादंबरीकारासाठी संमेलनातली सगळ्यात मोलाची वेळ हीच आहे, असं आमचं ठाम मत आहे. जेवणं झाल्यावर खोलीत एकमेकांचं नवं लेखन वाचा. तीनच जणांनी वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. प्रत्येकानं 12 पानं आणावीत : ए-फोर कागद, 14 पॉइंट अक्षर, दोन ओळींत भरपूर जागा. अशा पानावर साधारण 230 शब्द बसतात. मिनिटाला 110 शब्दांच्या वेगानं 12 पानांना 25 मिनिटं लागतात. त्यावर 20 मिनिटं चर्चा. तिघांचं मिळून सव्वादोन तास होतात, त्यापुढे माणसं पेंगायला लागतात.

कादंबरीचं पहिलं प्रकरण आणू नका. ते तुम्ही वीसदा घासलेलं असतं, त्यावर ‘छान’ याखेरीज काही मिळणार नाही. जिथे गाडी अडली आहे ती पानं आणा. आधीचं कथानक पाच ओळींत सांगा आणि वाचण्यापूर्वी एकच प्रश्न टाका, ‘इथे आईनं घर सोडणं पटतं का?’ इतका नेमका. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंत तर जुना मित्र तुमचं मन राखेल. ऐकणाऱ्यांच्या हातात एकेक प्रत द्या आणि कान जिथे अडखळला तिथे समासात फुली मारायला सांगा. तिघांच्या फुल्या एकाच परिच्छेदावर पडल्या, तर खोट तिथेच आहे. सगळ्या प्रती मागून घ्या, तारीख घालून जपून ठेवा.

1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. लिहिणाऱ्यांनी एकमेकांना भेटावं हाच त्या बोलावण्याचा गाभा होता. मांडव पुढे मोठा झाला. तो गाभा तुम्ही खोलीत जपू शकता.

प्रश्न : संमेलनात ‘आजची कादंबरी’ या परिसंवादात पहिल्यांदाच बोलायचंय. दहा मिनिटं दिली आहेत. तयारी कशी करू?
— एक लेखिका, चिपळूण

उत्तर : दहा मिनिटांसाठी 900 शब्द लिहा. घरी ते सव्वाआठ मिनिटांत होतील, उरलेला वेळ नमस्कारात आणि टाळ्यांत जातो. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घेऊ नका, ती सूत्रसंचालकानं घेतलेली असतात.

आधीचा कार्यक्रम लांबला की पहिली कात्री परिसंवादाला लागते. पाच वक्ते आणि एक अध्यक्ष असतील, तर चौथ्या वक्त्याच्या हातात चिठ्ठी येते : ‘सहा मिनिटांत आवरा’. म्हणून मजकुरात गाळता येतील असे दोन परिच्छेद घरीच पेन्सिलीनं चौकटीत टाका. ऐनवेळी घाईनं वाचायला लागलात तर मागच्या रांगांना एक अक्षर कळत नाही.

कागदाच्या एकाच बाजूला, 16 पॉइंटमध्ये छापा. पानांना मोठे क्रमांक द्या आणि पुठ्ठ्याच्या क्लिपबोर्डला लावा. व्यासपीठावर दोन्ही बाजूंनी पंखे असतात आणि सुटं तिसरं पान श्रोत्यांत जाऊन पडतं. माइकपासून तोंड वीतभर लांब ठेवा. कादंबरीतला उतारा वाचणार असाल तर आठ ओळींच्या वर नको. उताऱ्यातली पात्रं श्रोत्यांना माहीत नसतात, लक्ष लगेच सुटतं. स्वतःच्या कादंबरीचा उल्लेख एकदाच करा, शेजारच्या वक्त्याच्या कादंबरीबद्दल मात्र एक नेमकं वाक्य बोला. त्यासाठी वक्त्यांची यादी आली की प्रत्येकाचं किमान एक पुस्तक मिळवून वाचा. परिसंवाद संपल्यावर चहाला ओळख करून घेताना याचाच उपयोग होतो.

प्रश्न : सोबत स्वतःच्या पुस्तकाच्या किती प्रती न्याव्यात? भेट म्हणून द्याव्यात का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : दहा पुरेत. 300 पानांची प्रत साडेतीनशे ते चारशे ग्रॅमची असते, म्हणजे दहांचे चार किलो होतात. त्यापलीकडचं ओझं प्रकाशकाच्या गाळ्यावर ठेवा. त्याच्याशी आधी बोला, कारण गाळ्याच्या फळीवर जागा मोजकी असते. भेट फक्त वाचणार असेल त्यालाच द्या आणि आत त्याचं नाव घाला. गर्दीत हातात कोंबलेली प्रत निवासाच्या खोलीतच विसरली जाते. मित्राचं पुस्तक मात्र गाळ्यावर पैसे देऊन विकत घ्या आणि त्याची सही मागा. त्याला होणारा आनंद तुम्हाला दिसेल.

तुम्ही बेळगावचे आहात म्हणून सांगतो : कडोली, येळ्ळूर इथली थंडीतली गावची संमेलनं मोठ्या संमेलनापेक्षा भेटीगाठींना अधिक सोयीची आहेत. एक मांडव, एकच दिवस. पाहुणा लेखक दिवसभर तिथेच असतो.

प्रश्न : एका समकालीन लेखकाच्या कादंबरीवर मी कडक परीक्षण लिहिलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. संमेलनात तो येणार आहे. काय करू?
— नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती

उत्तर : जाण्यापूर्वी त्याचं त्यानंतरचं पुस्तक वाचा. त्यातली तुम्हाला खरोखर आवडलेली एक जागा, पान क्रमांकासह, लक्षात ठेवा. चारचौघांत बोलायला जाऊ नका, तिथे त्याला ताठ राहावंच लागतं. प्रदर्शनात तो एकटा पुस्तकं चाळत असेल तेव्हा जवळ जा आणि त्या जागेबद्दल बोला. जुन्या परीक्षणाचा विषय तुम्ही काढू नका. त्यानं काढला तर ऐकून घ्या. मत बदललं नसेल तर बदललं असं म्हणू नका, पण एखादं वाक्य विनाकारण लागट झालं असेल तर नेमकं ते वाक्य सांगून माफी मागा. तो तुटक बोलून निघून गेला, तर त्याच दिवशी पाठपुरावा नको. आठ-दहा दिवसांनी एक पोस्टकार्ड टाका, त्यावर तीच जागा आणि तोच पान क्रमांक लिहा.