फुकटच्या यूपीआयनं बँकेचं पोट कसं भरते?

प्रश्न : भाऊ, आमच्या गावात पानठेल्यापासून कृषी केंद्रापर्यंत सगळीकडं क्यूआर लागले, बँक तर एक रुपया घेत नाही, मग तिले यातून भेटते काय? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : थेट म्हणाल तर जवळपास काहीच नाही. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय अन् रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून घ्यायचा एमडीआर (म्हणजे दर व्यवहारामागं कापायचं शुल्क) शून्यच केला, सरकार थोडी भरपाई देते, २०२४-२५ साठी १५०० कोटी होते, पण ते पूर्ण देशाचे, अन् त्यात बँकांसोबत यूपीआय ॲपवाल्यांचाही वाटा.

खरी मजा वेगळीच आहे राजेहो. आधी कापसाचा चुकारा जमा झाला की माणूस लाइनीत उभा राहून सगळेच पैसे काढून आणे, आता ते खात्यातच पडून राहतात, दहाचा चहा, चारशेचं पेट्रोल असे हळूहळू जातात, तोवर बँकेले कमी व्याजाचा पैसा वापराले भेटते अन् तो ती जास्त व्याजानं कर्जाऊ देते. काउंटरची गर्दी अन् रोकड हाताळायचा खर्च कमी होते तो वेगळाच. दुकानदाराच्या खात्यात रोजचा गल्ला दिसते म्हणून त्याले कर्ज किती द्यायचं हेही समजते.

पण सर्व्हर, सायबर सुरक्षा, आयटीवाल्यांचे पगार हा खर्च आधी होते अन् फायदा मागून येते, त्यामुळं सुरुवातीले नफा घटलेलाही दिसू शकते. मोठ्या बँकेचा हा खर्च करोडो खात्यांवर वाटल्या जाते, लहान सहकारी बँकेची मात्र खरंच दमछाक होते, तिनं नुसतं ॲप काढलं म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका, तिच्या कर्जाची थकबाकी किती तेही पाहा.