बॅगेतल्या पुड्या

प्रश्न : धाकटा भाऊ (२२) रात्र-रात्र जागतो, जबडा करकरा चावतो, पार वाळलाय. बॅगेत पुड्या सापडल्या. ‘एमडी आहे, गांजासारखंच’ म्हणतो. काय करू? – एक ताई, नाशिक

उत्तर : ताई, गांजासारखं कसलं! एमडी म्हणजे मेफेड्रोन, निव्वळ रसायनांतून बनवलेलं. २०२३ मध्ये तुमच्याच नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला होता. नशा लवकर उतरते, म्हणून माणूस पुन्हापुन्हा ओढतो. हृदयाचे ठोके वाढतात, संशय आणि भास मागे लागतात. छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठा. पुड्या किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात २ ग्रॅमपर्यंत ‘अल्प’ साठा. ५० ग्रॅमच्या वर किमान १० वर्षं कैद. अल्प साठ्यात, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास याच कायद्याच्या कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. आजच १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन लावा.