गोष्ट कोण सांगतंय ते आधी बघ

वेंगुर्ला,
आषाढ

प्रिय बाय,

तुझं चार पानी पत्र मिळालं. त्यातली एकच ओळ मनात अडकून राहिली: ‘मावशी, आपल्यासारख्या मुलींच्या गोष्टी सगळ्या अशाच संपतात का?’ बाकीचं भेटीत बोलू. आज या ओळीचंच उत्तर देते.

‘मित्राची गोष्ट’ वाचलीस ना? विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1981 साली रंगभूमीवर आलं. मी वाचलं तेव्हा साधारण तुझ्याच वयाची होते. त्यातल्या मित्रा नावाच्या मुलीने जीव दिला, मी पुस्तक मिटलं आणि दिवेलागणीला एकटीच बंदरावर जाऊन बसले. मुलीने मुलीवर जीव लावला की पुढे हेच होणार, अशी त्यानंतर कितीतरी वर्षं माझी खात्रीच होती. नाटक मोठं आहे, आजही कुणाच्याही हातात देईन. पण एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. मित्राची गोष्ट मित्रा सांगत नाही, तिचा दोस्त बापू सांगतो. बापूची तिच्यावर खरी माया आहे, पण तो उंबऱ्याबाहेर उभा आहे. आत काय चाललंय ते त्याला कितीसं दिसणार?

तेव्हापासून पुस्तक उघडलं की मी आधी सांगणारा कोण ते बघते. इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ 1942 ची. तिथे सांगते एक लहान मुलगी. तिला रात्री भिंतीवर हलणारी रजईची सावली दिसते, हत्तीएवढी, आणि ती घाबरते. तिला कळत नाही, वाचणाऱ्याला कळतं. या कथेवर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला, पण अश्लील म्हणावा असा शब्दच त्यात सापडेना. मग सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ घे, 2006 ची, आपल्या मराठीतली. घरात ठेवलेल्या एकाच भाडेकरूवर भाऊ आणि बहीण दोघंही जीव टाकतात. अर्धी कादंबरी तो सांगतो, अर्धी ती. मधे कुणी बापू नाही.

आता शेवटाचं. अमेरिकेत 1952 साली ‘स्प्रिंग फायर’ नावाची स्वस्तातली कादंबरी आली, दोन कॉलेजकन्यांची. प्रकाशकाने लेखिकेला आधीच बजावलं होतं की यांचं भलं झालेलं दाखवायचं नाही. पुस्तकं टपालाने जायची आणि टपालखातं अश्लील ठरवून गठ्ठेच्या गठ्ठे अडवायचं. म्हणून त्यातल्या एकीला वेड लागतं. ते वेड प्रेमाने लावलेलं नाही गं, टपालाच्या धाकाने लावलेलं आहे. त्याच 1952 मध्ये पॅट्रिशिया हायस्मिथने टोपणनावाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ लिहिली. तिच्या शेवटी एक बाई भरल्या हॉटेलातून दुसरीकडे चालत जाते आणि दुसरी तिला बघून हात उंचावते. बस, एवढंच. पण तेवढ्यासाठी वाचकांनी वर्षानुवर्षं त्या लेखिकेला पत्रं लिहिली.

मला 1981 चंही असंच वाटतं. इकडे मित्रा मेली, आणि त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या, मराठी घरातल्या सुनिती नामजोशींचं ‘फेमिनिस्ट फेबल्स’ इंग्रजीत आलं. एकेका पानाच्या बोधकथा, जुन्याच, पण बायकांच्या बाजूने उलगडलेल्या. ते पुस्तक मला तेव्हा मिळालं असतं तर मी बंदरावरून लवकर उठले असते. तुझ्या बाजूला तर कायदाही आहे. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि असं प्रेम हा गुन्हा राहिला नाही.

आणि फक्त रडवणारी पुस्तकं वाचत बसू नकोस. आमच्या हिला भुताच्या गोष्टी लागतात. देवचार, मुंजा, हडळ ऐकत वाढलेली ती, दुसरं काय आवडणार! तिनेच मला ‘कार्मिला’ वाचायला लावली. 1872 ची आहे, ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची. रक्त पिणारी मुलगी, आणि तिची ओढही वाटते नि किळसही येते अशी लॉरा. तेव्हा असली ओढ लिहायची तर बाईला हडळ करूनच लिहावी लागायची, याचा मला राग येतो. तरीही शेवटच्या ओळीत लॉराला दिवाणखान्याच्या दाराशी कार्मिलाची हलकी पावलं ऐकू येतात, तिथे माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नसतो.

विज्ञानकथेत ‘धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर’ वाच, 2019 ची. शत्रूपक्षातल्या दोघी काळाच्या पोटात एकमेकींसाठी पत्रं दडवतात, एक तर झाडाच्या खोडातल्या वलयांत. अमृता पाटील यांची ‘कारी’ चित्रांतून सांगितलेली आहे, मुंबईची. ती सुरू होते तीच दोघींच्या उडीने, पण कारी वाचते आणि गोष्ट तिथून पुढे चालते. मित्रानंतर हीच वाच.

वाचनालयात एकतीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले, तिथलं एक सांगते. ‘मित्राची गोष्ट’च्या मागच्या चिठ्ठीवर तारखा होत्या तीन. पण पानं बघशील तर हाताळून मऊ झालेली, कोपरे काळवंडलेले. घरी कुणी नेत नव्हतं, कपाटाआड उभ्याउभ्या वाचत होते. एका कमिटी मेंबरने ‘हे कशाला ठेवलंय’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, वाचतात लोक. त्यांनी चिठ्ठी दाखवली, मी पानं दाखवली. पुस्तक राहिलं. पुढे एका श्रावणातल्या दुपारी मी कपाटामागे केर काढायला गेले, तर छत्रीचं पाणी गळतंय आणि ही तिथे उभी, त्याच पुस्तकात बोट घालून. म्हणाली, ‘दुसरं काही आहे का असं?’ तेव्हा माझ्याकडे द्यायला दुसरं काहीच नव्हतं.

आता आहे. एसटीने पार्सल पाठवतेय. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातली आहेत. घरात कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस, आणि सगळं सांगायलाच हवं असंही नाही. पावसात पानं सादळतात, तेव्हा ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घाल. इंग्रजी अडलं तर अडू दे, दोन पानं पुढे गेलीस की मागचं उलगडतं. ‘फिंगरस्मिथ’ गठ्ठ्यात सगळ्यात खाली आहे. ती चोऱ्यामाऱ्यांची, फसवाफसवीची आहे, आणि पहिला भाग संपतो तिथे तू ओरडणार आहेस. त्याच्या आत मला फोन करून काही विचारू नकोस.

तुझी,
मावशी