ठाण्यात सेकंडहँड ड्रम सेट घ्यावा का? आणि घरगुती रेकॉर्डिंगला किती माइक लागतात?

घ्या. माइक तीन पुरतात.

तुम्ही लिहिलंय की बजेट ४० हजारांचं आहे, आणि ओळखीचा एक रेकॉर्डिंगवाला म्हणतोय, "जुन्या सेटच्या नादी लागू नका, आठ माइकांशिवाय ड्रम येत नाहीत, त्यापेक्षा मी सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेले तयार ठोके, लावून देतो." हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. २०१३ साली मला हेच ऐकवलं गेलं होतं, आणि मी तेव्हा गप्प बसलो.

मी तेव्हा कळव्याला राहायचो. ऐरोलीतले एक काका सेट विकताहेत असं कळलं. ऑर्केस्ट्रात उभं आयुष्य घालवलेला माणूस. गडकरी रंगायतन, वाशीचं भावे नाट्यगृह, गणपतीच्या दिवसांत तर एका दिवसात दोन-दोन कार्यक्रम. पुढे ऑक्टोपॅड आला, काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड. तो एका बॅगेत मावतो, मग टेम्पोचं भाडं भरून सबंध सेट कोण बोलावणार? काकांचा सेट माळ्यावर गेला. पर्ल कंपनीचा एक्स्पोर्ट, पाच पीसचा: २२ इंचांचा बेस ड्रम (म्हणजेच किक), १२, १३ आणि १६ चे टॉम, १४ चा स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम). ३० हजार सांगितले.

पहिल्यांदा बघितला तेव्हा माझं तोंड उतरलं. खाडीकाठच्या हवेने क्रोमवर सगळीकडे बारीक गंजाचे ठिपके, वरच्या आवरणाला एका ठिकाणी फुगा. काकांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाले, "वरचा रंग नको बघूस. काठ बघ." काकूंना हाक मारली. त्यांनी ओट्यावरची भांडी उतरवली, ग्रॅनाइट कोरडा पुसून दिला. काकांनी बाराच्या टॉमची स्किन, म्हणजे ताणलेला पडदा, काढली, नुसता शेल, म्हणजे ड्रमचं पिंप, ओट्यावर पालथा ठेवला, ट्यूबलाइट बंद केली आणि वरून आत टॉर्च धरला. अंधारात आम्ही तिघं त्या काठाकडे बघत होतो. कुठूनही उजेड बाहेर आला नाही. मग तेराचा टॉम ठेवला. त्याच्या एका बाजूला दोन बोटं रुंदीची बारीक उजेडाची रेघ दिसली. मला दिसायच्या आधी काकांनीच बोट ठेवून दाखवली. "इथे काठ बसलाय. याचे दोन हजार कमी दे." व्यवहार २८ हजारांना ठरला आणि छोट्या हत्तीत घालून सेट कळव्याला आणला.

ही ओट्याची परीक्षा तुम्हीही कराच. स्किन शेलला फक्त त्या काठावर टेकते. काठ खालीवर असेल तर सगळे स्क्रू कितीही जपून आवळा, ताण सारखा बसत नाही आणि टॉम वाजवल्यावर आवाज डगमगतो. तो दोष जगातला कुठलाही माइक लपवत नाही. बाकीचं पटकन सांगतो. टेपने शेलचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजा, मापं जुळली पाहिजेत. प्रत्येक स्क्रू हाताने फिरवून बघा, आटे गेलेला लग (स्क्रू ज्यात बसतो तो भाग) पुढे डोकेदुखी होतो. स्नेअरचा खटका खाली केला की तारा पूर्ण सुटल्या पाहिजेत आणि वर केला की एका झटक्यात लागल्या पाहिजेत. सिम्बलच्या कडेवरून आणि मधल्या भोकाभोवती नख फिरवा. नख अडकलं तर तडा आहे, आणि तडा वाढतच जातो. सेटसोबत फुकट मिळणारे पितळी सिम्बल हिशेबात धरू नका. चांगले सिम्बल काशाचे असतात, ८० टक्के तांबं, २० टक्के कथील, ते वेगळे घ्यावे लागतात. स्किन तर बदलायच्याच, मालक काहीही म्हणो.

आता रेकॉर्डिंग. आमच्या बँडचा कीबोर्डवाला पाचपाखाडीत घरच्या एका खोलीत स्टुडिओ चालवायचा. त्याने सेट बघितल्या बघितल्या "हे डबडं" म्हटलं. त्या शब्दाचा मला आजही राग आहे. आठ माइक लावायला दोन तास घेतले. मी म्हटलं, वीस मिनिटं दे, स्किन सुरात आणतो. म्हणाला, "ते मिक्समध्ये बघू." दहा दिवसांनी गाणं पाठवलं. ठाण्याहून वाशी लोकलमध्ये बसलो आणि रबाळे यायच्या आत कळलं की स्नेअर माझा नाही. प्रत्येक ठोका हुबेहूब सारखा. डाव्या हाताने मधे मधे जे हलके ठोके मी टाकतो, ज्यांच्यावर त्या गाण्याची सगळी चाल उभी होती, ते साफ गायब. त्याने न विचारता सॅम्पल चिकटवले होते. विचारलं तर उत्तर आलं, "तुझा आवाज पातळ होता."

वर्षभर मी ते खरं मानलं. मग त्याच रेकॉर्डिंगचे कच्चे ट्रॅक पेनड्राइव्हवर मागून घेतले, कारण पैसे आम्ही भरले होते, आणि एकेक ट्रॅक ऐकत बसलो. स्नेअरला एक माइक वर होता, एक खाली. काठी पडली की वरची स्किन वरच्या माइकपासून लांब जाते आणि खालची स्किन खालच्या माइकच्या दिशेने येते. म्हणजे दोन ट्रॅकमधल्या लहरी एकमेकींच्या उलट. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना खातात. त्यासाठी खालच्या ट्रॅकची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची दिशा, उलटी करायची असते, सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाचं काम. मी ते बटण दाबलं आणि काकांचा चौदाचा स्नेअर पोटासकट परत आला. माझा आवाज पातळ नव्हता. तो पातळ केला गेला होता, आणि दोष सेटवर ढकलला होता.

म्हणून मी आठ माइकांच्या विरोधात आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दोन माइकांच्या अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक पडला की एक मिलिसेकंदाचा उशीर आला, आणि काही सूर कापले गेले. आठ माइक म्हणजे आठ अंतरं. ती सांभाळणारा माणूस असेल तर खुशाल लावा.

पुढच्या जानेवारीत वागळे इस्टेटमधल्या मित्राच्या मामांचा गाळा एका रविवारी मागून घेतला. जानेवारी एवढ्यासाठी की वर पत्रा आहे, पावसात तिथे बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. आदल्या संध्याकाळी टॉमवर एकपदरी, १० मिल (इंचाचा शंभरावा भाग) जाडीच्या नव्या स्किन चढवल्या. समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काठीने टिचकी मारत, सगळीकडे एकच सूर येईपर्यंत. खालची स्किन वरच्यापेक्षा जरा चढी. या कामाला तीन तास गेले. भिंतीच्या बाजूला दोरीवर आईच्या चार गोधड्या टांगल्या.

माइक तीन. एक किकच्या पुढच्या स्किनच्या भोकाशी, डायनॅमिक (मोठा दणका सोसणारा). दोन कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारे): एक स्नेअरच्या वर, दुसरा उजवीकडे सोळाच्या टॉमच्या पलीकडून स्नेअरकडे तोंड करून. ही मांडणी लंडनचे ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखली जाते. तिचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: स्नेअरच्या मध्यापासून दोन्ही कंडेन्सरचं अंतर तंतोतंत सारखं हवं. मी सुतळी वापरली. एक टोक मित्राने अंगठ्याने स्नेअरच्या मध्यावर दाबून धरलं, वरच्या माइकपाशी सुतळीला गाठ मारली आणि तीच गाठ दुसऱ्या माइकला टेकवली. त्या दिवशी डाव्या हाताचा एकेक हलका ठोका आला. कीबोर्डवाल्याला ऐकवलं, तर "डेमो म्हणून ठीक" एवढंच म्हणाला. मला ते पटलं नाही, पटणारही नाही. ते गाणं आम्ही तसंच ठेवलं.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. ४० हजारांत सेट, नव्या स्किन आणि फार तर एक माइक बसेल. दोन कंडेन्सर आणि चार चॅनलचा, ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सरला लागणारी वीज) देणारा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) एका दिवसापुरते भाड्याने आणा. पुढे स्नेअरसाठी चौथा माइक घ्यावासा वाटला तर शुअरचा एसएम ५७ घ्या, पण नकली फार फिरतात. अस्सलचं वजन २८४ ग्रॅम असतं. किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा, हलका भरला तर परत करा. वजन बरोबर भरलं म्हणजे अस्सलच, असं मात्र नाही.

फ्लॅटमध्ये रेकॉर्ड करणार असाल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्री दहानंतर ४५, आणि सेट खोलीत सहज १०० च्या वर जातो. शेजाऱ्यांचं चुकत नाही. गाळा, शाळेचा हॉल, काहीतरी शोधा. रोजचा रियाज रात्रीच होणार असेल तर इलेक्ट्रॉनिक सेटच बरा. हेही खरं की ज्या रेकॉर्डिंगवाल्याला तुम्ही विचारलंत तो माझ्या मित्रासारखा नसेलही. त्याला एवढंच विचारा, स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी तो काय करतो.

कुठे मिळेल, तर दुकानाचं नाव माझ्याकडे नाही. ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम संपला की रंगमंचाच्या मागच्या दाराशी थांबा आणि ऑक्टोपॅडवाल्याला विचारा, घरी जुना सेट पडून आहे का. चर्चमध्ये वाजवणाऱ्या पोरांनाही विचारा. बघायला जाताना आपल्या काठ्या, ड्रमची चावी, टेप आणि टॉर्च न्या, आणि संध्याकाळनंतर जा, म्हणजे दिवा बंद केल्यावर खोलीत पुरता अंधार होईल.