मोदकपात्रातला चिकट भात आणि हापूस

आपण लिहिले आहे की, थायलंडच्या सहलीत खाल्लेला आंब्याबरोबरचा चिकट भात देवगडला घरी करून पाहण्यासाठी आपण इंद्रायणी तांदूळ दुप्पट पाण्यात कुकरला लावला आणि तो अगदी गिचका झाला. दुसऱ्या वेळी पाणी कमी केले तेव्हा भात मऊ झाला, पण त्याला तो लवचिक चिवटपणा आला नाही, आणि साखर घातलेला नारळाचा रस ओतल्यावर तर दाणे कडक लागू लागले. पाण्याचे नेमके प्रमाण किती ठेवावे, हा आपला प्रश्न आहे. मी गेली बारा वर्षे रत्नागिरीत दर हंगामात हा भात करते आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की आपली अडचण पाण्याच्या प्रमाणाची नाही. तांदूळ वेगळा लागतो, आणि तो पाण्यात शिजवायचा नसून वाफेवर उकडायचा असतो.

तांदळाच्या दाण्यातील पिष्ट, म्हणजे स्टार्च, दोन प्रकारचे असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या नेहमीच्या तांदळांत अमायलोज साधारण पंधरा ते तीस टक्क्यांच्या दरम्यान असते. ते जितके जास्त, तितका भात मोकळा आणि फडफडीत होतो. थाई, लाओ आणि आसामी लोक ज्याला चिकट तांदूळ म्हणतात, त्यात अमायलोज जवळजवळ नसतेच, फार तर एखाद-दोन टक्के असते, आणि बाकीचे सगळे अमायलोपेक्टिन असते. म्हणून तो शिजल्यावर दाणे अखंड राहूनही एकमेकांना धरून बसतात. इंद्रायणी हा आंबेमोहर आणि आयआर-8 या भाताच्या दोन जातींच्या संकरातून आलेला तांदूळ आहे. तो आपल्याकडच्या तांदळांत चिकट गणला जातो आणि वरणभाताला फार चांगला आहे, परंतु जास्त पाण्यात त्याचे दाणे फुटतात, पिष्ट बाहेर येते आणि आपण त्या खळीलाच चिकटपणा समजतो. चिकट भाताचा गोळा हाताने तोडून खाता येतो आणि बोटांना फारसे काही लागत नाही. लाओसमध्ये आणि ईशान्य थायलंडमध्ये हा भात रोजच्या जेवणात असाच हाताने खातात, त्याचा छोटा गोळा करून कालवणात बुडवून.

हा तांदूळ ओळखणे अवघड नाही. नेहमीच्या तांदळाचा कच्चा दाणा उजेडाकडे धरला तर थोडा पारदर्शक दिसतो. चिकट तांदळाचा दाणा मात्र खडूसारखा, दुधी पांढरा आणि अपारदर्शक असतो. तरीही शंका राहिली तर मी एक परीक्षा करते. चार दाणे खलबत्त्यात कुटून त्यांची पूड बशीत घ्यावी, पाण्याने ओली करावी आणि तिच्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. साधा तांदूळ लगेच निळा-काळा होतो, तर चिकट तांदूळ विटकरी, तांबूस तपकिरी रंग धरतो. बशी अर्थातच नंतर बाजूला ठेवावी आणि ती पूड पोटात जाऊ देऊ नये. ही परीक्षा मी शिकले ती फसगत झाल्यावर. मुंबईच्या एका दुकानातून चिकट तांदूळ म्हणून महागाचे पाकीट आणले आणि ते निघाले जपानी सुशीसाठी वापरतात त्या आखूड तांदळाचे. तो तांदूळ चिकटतो, पण त्यात अमायलोज असते आणि या पदार्थाला तो उपयोगी पडत नाही. पाकिटावर ‘ग्लुटिनस राइस’, ‘स्वीट राइस’ किंवा ‘मोची राइस’ असे लिहिलेले असेल तर तो बहुधा योग्य असतो. लांब दाण्याचा थाई प्रकार मिळाला तर उत्तम. ‘ग्लुटिनस’ या शब्दामुळे कोणी घाबरू नये, त्यात गव्हातले ग्लूटेन नसते.

परदेशी पाकीटच हवे असेही नाही. आसामातला बोरा चाउल याच जातीचा आहे. बिहूच्या दिवसांत तेथे तो बांबूच्या नळीत भरून विस्तवावर भाजतात आणि त्याच्या पिठापासून ‘पिठा’ नावाचे पदार्थ करतात. मणिपूरचा काळा चाक-हाओ, ज्याला 2020 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तोही चिकट आहे. मात्र त्याच्यावर कोंडा असल्यामुळे त्याला भिजण्यास आणि उकडण्यास दोन्हीला जास्त वेळ लागतो. मुंबई-पुण्यात ईशान्येकडील माल ठेवणाऱ्या दुकानांत हे तांदूळ मिळतात, आणि कोणी येणारे-जाणारे असेल तर दोन किलो मागवून ठेवावे. आपल्या दमट हवेत मात्र पावसाळ्यापूर्वी तो घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करावा, नाहीतर त्याला फार लवकर पोरकिडे लागतात.

आता भिजवणे. या कृतीतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. वाफेवर उकडताना भांड्यातले पाणी तांदळाला लागणार नसते. म्हणून शिजायला लागणारे पाणी दाण्याने आधीच पोटात घेतलेले असले पाहिजे. तांदूळ रोवळीत घालून पाणी नितळ येईपर्यंत तीन-चार वेळा धुवावा, मग चार बोटे वर पाणी राहील असा भिजत घालावा. पुस्तकी कृतींत रात्रभर भिजवा असे असते. कोकणात, आंब्याच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मेच्या उकाड्यात, रात्रभर ओट्यावर ठेवलेल्या तांदळाच्या पाण्याला पहाटे आंबूस वास येतो आणि तो वास उकडल्यावरही जात नाही. म्हणून या दिवसांत मी सकाळी भिजवून चार ते सहा तासांनी उकडते. रात्रभरच ठेवायचा असेल तर फ्रीजमध्ये ठेवते. भिजलेला दाणा दोन नखांत धरून दाबला तर तो सहज कुसकरला पाहिजे. मधोमध कडक लागला तर आणखी तासभर थांबावे. एकदा पाहुणे येणार म्हणून मी दोन तासांतच तांदूळ वाफेला लावला होता. चाळीस मिनिटांनीही प्रत्येक दाण्यात कणी होती आणि शेवटी ती सगळी परात गुरांच्या आंबोणात गेली.

थायलंड-लाओसमध्ये हा तांदूळ बांबूच्या शंकूसारख्या टोपलीत भरून उभट भांड्याच्या तोंडावर ठेवतात. आपल्या घरात गणपतीला माळ्यावरून खाली येणारे मोदकपात्र त्याच कामाचे आहे. जाळीची भोके मोठी असतात, म्हणून तिच्यावर मलमलीचे ओले फडके किंवा जुना, मऊ झालेला पंचा अंथरावा. नवे कापड वापरायचे असेल तर आधी त्याची खळ धुऊन काढावी. रोवळीत निथळलेला तांदूळ त्यावर पसरावा; थर दोन बोटांपेक्षा जाड नको आणि दाबून बसवू नये, कारण वाफ दाण्यांच्या फटींतूनच वर चढते. खाली पाणी खळखळ उकळू लागल्यावरच जाळी ठेवावी आणि पाणी जाळीला लागणार नाही याकडे लक्ष द्यावे. झाकणाला आतून फडके बांधल्यास वाफेचे थेंब भातावर पडत नाहीत. मोदक करणाऱ्या घरांना हे सांगायला नकोच. पंधरा मिनिटांनी फडक्याची चारही टोके धरून सगळा भात एकसंध उलटावा, म्हणजे वरची बाजू खाली जाते, आणि आणखी दहा मिनिटे उकडावा. झालेला दाणा काचेसारखा चमकदार आणि अर्धपारदर्शक दिसतो. कच्चा असताना जो खडूसारखा पांढरा होता, तोच आता असा दिसतो. दाताखाली तो मऊ पण चिवट लागला आणि आत पांढरा ठिपका उरला नसला की भात उतरवावा. कुकरमध्ये शिटी काढून ठेवूनही हे जमते, पण मला मोदकपात्रातला भात अधिक समान झालेला वाटतो.

आपल्या तिसऱ्या तक्रारीचे, म्हणजे रस ओतल्यावर दाणे कडक होण्याचे, उत्तर नारळीभात करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. तांदूळ पुरता शिजण्याआधी गूळ पडला की तो पुढे शिजतच नाही, कारण साखर आणि गूळ पाणी स्वतःकडे धरून ठेवतात आणि पिष्टाला फुलू देत नाहीत. येथेही तोच नियम आहे. भात पूर्ण उकडलेला हवा, तो वाफाळता असतानाच रस पडायला हवा, आणि रसही गरम हवा.

एक वाटी, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम, कोरड्या तांदळाला मी पुढील माप घेते. एका चांगल्या भरलेल्या नारळाचा चव अर्धी वाटी कोमट पाण्यात वाटून, फडक्यातून पिळून घट्ट रस काढावा. त्यातला पाऊण वाटी रस भातासाठी घ्यावा आणि उरलेला वर घालण्यासाठी बाजूला ठेवावा. भाताच्या रसात चार मोठे चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंत ढवळावे. त्याला उकळी येऊ देऊ नये, नाहीतर रस फुटतो. मिठाचे प्रमाण वाचून अनेकांचा हात आखडतो, परंतु मीठ कमी पडले की हा पदार्थ मिळमिळीत गोड होतो. वाफाळता भात खोलगट भांड्यात काढून त्यावर गरम रस ओतावा, लाकडी उलथन्याने दोनदा हलकेच परतावा आणि झाकून अर्धा तास विसरून जावे. पहिल्यांदा रस इतका वर तरंगतो की चूक झाली असे वाटते. अर्ध्या तासात तो सगळा दाण्यांत मुरतो. बाजूला ठेवलेल्या रसात चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तांदळाची पिठी घालून मंद आचेवर किंचित घट्ट होईपर्यंत ढवळावा. हा खारट रस वाढताना वर घालतात, आणि त्यावर कुरकुरीत परतलेली मुगाची डाळ भुरभुरतात.

थायलंडमध्ये यासाठी बहुधा नाम दोक माय हा आंबा घेतात, जो गोड, नितळ आणि सौम्य वासाचा असतो. आपला हापूस त्याहून कितीतरी गंधवान आहे, म्हणून मी थाई मापापेक्षा साखर कमी ठेवते आणि भातात वेलची, केशर किंवा हळदीचे पान यांपैकी काहीही घालत नाही. गूळही नको, शिरवाळ्यांच्या रसात तो शोभतो, येथे तो हापूसशी भांडतो. आंबा पूर्ण पिकलेला पण घट्ट असावा आणि वाढण्याच्या वेळीच चिरावा. हापूसचा हंगाम सरल्यावर काप्या फणसाचे गरे घेऊन हाच भात करून पाहावा. तेव्हा मात्र मी साखरेऐवजी गूळ वापरते आणि मला तो प्रकार तितकाच आवडतो.

रस घातलेला भात उरला तर तो फ्रीजमध्ये ठेवू नये, तेथे तो दगडासारखा होतो. बाहेरही तो आपल्या उन्हाळ्यात सहा-सात तासांपलीकडे टिकत नाही, कारण नारळ आंबतो. म्हणून रस न घातलेला भात वेगळा काढून, केळीच्या पानात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे पुन्हा वाफ द्यावी. तो जवळजवळ पहिल्यासारखा मऊ होतो, आणि रस तेव्हा ताजा काढावा.