मेनफ्रेममधला ‘सिस्टिम्स इंजिनीअर’ आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’: कोणाचं काम कुठे संपतं?

तुमचा प्रश्न असा आहे: इंदुरातल्याच दोन कंपन्यांची ऑफर हातात आहे. एका पत्रावर ‘सिस्टिम्स इंजिनीअर, मेनफ्रेम’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘मेनफ्रेम ॲडमिनिस्ट्रेटर’. (मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांचे व्यवहार चालवणारा मोठा संगणक.) पुढे सिस्टिम प्रोग्रामर व्हायचंय, तर यातली कुठली घ्यावी?

आधी पत्रावरचं पद बाजूला ठेवा. सुपर कॉरिडॉरवर कॅम्पस असलेल्या टीसीएसचं ‘असिस्टंट सिस्टिम इंजिनीअर’ काय किंवा इन्फोसिसचं ‘सिस्टिम्स इंजिनीअर’ काय, ही भरतीच्या पायरीची नावं आहेत. जावावाला, टेस्टिंगवाला, कोबोलवाला, सगळ्यांना तेच पद. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ तर त्याहून मोघम. एखाद्या ठिकाणी तो रॅकएफमध्ये, म्हणजे सुरक्षा-परवानग्या सांभाळणाऱ्या प्रणालीत, पासवर्ड रीसेट करतो, दुसरीकडे स्टोरेज सांभाळतो, तिसरीकडे दिवसभर कंट्रोल-एम या शेड्युलरचे जॉब बघत बसतो.

खरं काम दोन गोष्टींवरून कळतं: तुमच्या आयडीला कुठल्या डेटासेटवर (मेनफ्रेमवरच्या फाइलवर) अपडेट, म्हणजे बदल करायची परवानगी, मिळणार, आणि कुठलं तिकीट तुमच्याकडे आल्यावर पुढे कुणाकडे ढकलता येणार नाही.

सिस्टिम प्रोग्रामरच्या बाबतीत याचं उत्तर स्वच्छ आहे. झेड/ओएस ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम बसवणं, तिचे पीटीएफ (दुरुस्त्या) लावणं, पार्मलिब (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) आणि आयपीएल (सिस्टिम सुरू करणं) ही त्याची हद्द. नावात प्रोग्रामर असला तरी तो धंद्याचे प्रोग्राम लिहीत नाही. फार तर रेक्स भाषेतली स्क्रिप्ट आणि एखादं असेंबलरमधलं एक्झिट (सिस्टिमच्या कामात ठरावीक जागी जोडलेला छोटा प्रोग्राम). त्याचा बराचसा वेळ एसएमपी/ई या पीटीएफ बसवायच्या साधनात जातो. पीटीएफ रिसीव्ह करायचे, ताजा होल्डडेटा (कुठला पीटीएफ का रोखलाय त्याची माहिती) आणायचा, मग अप्लाय चेक, म्हणजे प्रत्यक्ष न बसवता तालीम, चालवून आधी लागणारे कुठले पीटीएफ राहिलेत आणि कशावर होल्ड आहे ते बघायचं. सिस्टिम होल्ड असेल तर त्यातली सूचना वाचून ते काम करायचं; एरर होल्ड म्हणजे तो पीटीएफच सदोष ठरलाय, तो घाईत बायपास करायचा नाही. अप्लाय नेहमी सिसरेसच्या (सिस्टिम जिच्यावरून सुरू होते त्या डिस्क व्हॉल्यूमच्या) क्लोनवर करायचा, म्हणजे नव्या व्हॉल्यूमवरून आयपीएल बिघडलं तर जुन्यावरून परत उभं राहता येतं. ॲक्सेप्ट (पीटीएफ कायमचा पक्का करणं) मात्र सावकाश, कारण त्यानंतर रिस्टोर करून मागे येता येत नाही. पार्मलिबमधल्या आयईएसिस मेंबरमध्ये (सिस्टिम सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये) ओळीच्या शेवटचा एक स्वल्पविराम गळाला, तर तीच शेवटची ओळ समजून पुढचं वाचलं जात नाही. असली चूक शोधणं हे सर्वस्वी त्याचंच काम, दुसरा कुणी त्यात हात घालत नाही.

बाकीच्या भूमिकांच्या हद्दी ॲबेंडवरून, म्हणजे प्रोग्राम मधेच बंद पडल्यावर येणाऱ्या कोडवरून, फार चांगल्या समजतात. सॉक-सेव्हन (एस०सी७) आला, म्हणजे अंकांच्या फील्डमध्ये भलताच डेटा शिरलाय: तिकीट ॲप्लिकेशन डेव्हलपरचं. एस८०६, लोड मॉड्यूल (चालवायचा तयार प्रोग्राम) सापडलं नाही: स्टेपलिब (तो जिथे शोधायचा ती लायब्ररी) चुकलीय किंवा मॉड्यूल प्रॉडक्शनला गेलंच नाही, म्हणजे डेव्हलपर आणि रिलीजवाले. बी३७, म्हणजे डेटासेटला जागा अपुरी पडल्याचा ॲबेंड, आला की लगेच स्टोरेजवाल्यांना फोन जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. साध्या सिक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंट (जागेचे तुकडे) मिळतात; ते संपले तर जेसीएलमधला (जॉब चालवायच्या सूचनांमधला) स्पेस वाढवणं हे ॲप्लिकेशन किंवा प्रॉडक्शन सपोर्टचं काम. स्टोरेज ग्रुपमध्येच जागा उरली नसेल तरच ते स्टोरेज ॲडमिनिस्ट्रेटरचं, आणि तशी वेळ वारंवार येत असेल तर त्याच्या एसीएस रूटीन (डेटासेट कुठे ठेवायचा ते ठरवणारे नियम) किंवा एचएसएमच्या मायग्रेशनमध्ये (न वापरलेला डेटा दुसरीकडे हलवण्यात) बिघाड आहे.

डीबी२ या डेटाबेसमध्ये हाच घोळ मायनस ८०५ या एररचा होतो. पॅकेज सापडलं नाही म्हटलं की सगळे डीबीएकडे (डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरकडे) बघतात, पण बहुधा बाइंड, म्हणजे प्रोग्रामच्या एसक्यूएलपासून पॅकेज बनवणं, करायचं राहिलेलं असतं आणि ते रिलीजच्या पायरीत मोडतं. उलट लॉग बंद ठेवून लोड केलं आणि टेबलस्पेस कॉपी पेंडिंगमध्ये (बॅकअप घ्यायचा बाकी असल्याच्या स्थितीत) अडकली, तर इमेज कॉपी, म्हणजे तो बॅकअप, काढून ती मोकळी करणं डीबीएचं. मोठ्या ठिकाणी डीबीएही दोन असतात: सबसिस्टिम आणि झेडपार्म (तिचं सेटिंग) बघणारा सिस्टिम डीबीए, आणि टेबलं, रीऑर्ग (डेटाची फेरमांडणी), रनस्टॅट्स (टेबलांची आकडेवारी) बघणारा ॲप्लिकेशन डीबीए.

एस९१३, म्हणजे परवानगी नाकारल्याचा ॲबेंड, मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यात हद्द सर्वांत जास्त ओलांडली जाते. लॉगमध्ये आयसीएच४०८आय हा संदेश दिसतो: कुठला यूजर, कुठला प्रोफाइल, मागितलं अपडेट, परवानगी फक्त रीडची. सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेटर पर्मिट कमांड देतो, पण द्यायची की नाही हे डेटाच्या मालकाने ठरवायचं असतं. ‘जॉब अडकलाय, आत्ता दे, मंजुरी मागून येईल’ असं म्हणणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे. रात्रीच्या खोळंब्यासाठी फायर-कॉल आयडी, म्हणजे तेवढ्यापुरता वाढीव परवानगीचा आयडी, असतो. तो काढला, वापरला, परत केला, सगळ्याची नोंद होते.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एपीएफ लायब्ररीवर (जिच्यातल्या प्रोग्रामना सिस्टिमचे खास अधिकार मिळतात तिच्यावर) अपडेट असणारा माणूस, त्याला रॅकएफचा स्पेशल (सुरक्षा ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार) दिलेला नसला तरी, स्वतःचा ऑथराइज्ड कोड टाकून तो सुरक्षेचे सगळे कठडे ओलांडू शकतो. म्हणून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ला सोयीसाठी दोन्ही देऊन टाकणारी जागा दिसली तर सावध व्हा. ऑडिटमध्ये पहिला प्रश्न त्याच आयडीला विचारतात, आणि नव्या माणसाकडे उत्तर नसतं.

वेळेचा हिशेबही भूमिकेप्रमाणे बदलतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाचं बॅच रात्री १०ला सुरू झालं तर हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे बॅच सपोर्ट दिवसाचा. ब्रिटनचा ग्राहक असेल तर तेच बॅच आपल्याकडे पहाटे साडेतीनला. सिस्टिम प्रोग्रामरची आयपीएल बहुधा ग्राहकाच्या शनिवारच्या रात्री असतात, म्हणजे अमेरिकेचा ग्राहक असेल तर तुमचा रविवार गेला. आजच घरच्यांना सांगून ठेवा.

आता दोन्ही कंपन्यांच्या एचआरला न विचारता, ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरला मेल करून विचारा: मी एसएमपी/ईमध्ये पीटीएफ लावणार का? पार्मलिबवर अपडेट, निदान टेस्ट एलपारच्या (चाचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या मेनफ्रेमच्या भागाच्या), किती महिन्यांत मिळेल? माझ्या टीमकडे कुठल्या तिकिटांची रांग आहे? उत्तरात जेसीएल, कोबोल, व्हीसॅम (डेटा फाइलचा प्रकार) आलं तर ते डेव्हलपरचं काम आहे. सीए-७ किंवा कंट्रोल-एम हे शेड्युलर, एसडीएसएफ (जॉब आणि त्यांचं आउटपुट बघायचं साधन) आणि इन्सिडेंट आले तर बॅच सपोर्ट. तिथून सिस्टिमकडे जाता येतं, पण टेस्ट एलपारवर कुणी हात घालू दिला तरच. उत्तर गुळमुळीत आलं, तर ‘सिस्टिम्स’ हा शब्द कितीही मोठ्या अक्षरात छापलेला असला तरी मी ती जागा घेणार नाही. दोन्हीकडून तसंच आलं, तर ज्या टीममध्ये प्रत्यक्ष सिस्टिम प्रोग्रामर इंदुरातच बसतो ती घ्या. तो परदेशात बसत असेल तर तुमच्या हाती फक्त त्याने लिहिलेली रनबुकं (पायरीपायरीने काय करायचं त्या सूचना) येतील.