नाव पुसलेले डबे

प्रश्न : आमच्या मामाजींचं इतवारीत रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आता मागचं टिनाचं गोदाम रिकामं करायचं आहे. ऑइल पेंटचे चाळीसेक डबे, थिनरच्या कॅन, संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटल्या, ब्लीचिंग पावडर, उंदराचं काळं औषध, धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या, ट्यूबलाइट आणि इन्व्हर्टरची जुनी बॅटरी, एवढं निघालं. बऱ्याच डब्यांवरची नावं गेली आहेत. कबाडीवाला म्हणतो, "पातळ असंल ते नालीत ओता, डबे मी नेतो." तसं केलं तर चालेल का?
– एक गृहिणी, इतवारी

उत्तर : ताई, कबाडीवाल्याला आज परत पाठवा. आणि नालीत एक थेंबही ओतू नका. आपल्या नागपुरातल्या नाल्या शेवटी नाग नाही तर पिवळी नदीत उतरतात, तिथून कन्हान, मग वैनगंगा, पुढे गोसीखुर्द. त्या पाण्यावर शेती आणि मासेमारी करणारे लोक तुमच्या गोदामापासून लांब आहेत, पण थिनर तिथवर जातं.

मी एकतीस वर्षं कॉलेजच्या रसायनशाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी ॲसिडने घासलेल्या बेसिनमध्ये मी एका बिनचिठ्ठीच्या बाटलीतलं पाणी ओतलं. ते ब्लीचचं निघालं. क्षणात क्लोरीन सुटला. मी दाराशी होतो, पळालो. बेसिनजवळ सफाईच्या मावशी होत्या, त्यांचा खोकला महिनाभर गेला नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर आजच गोदामाच्या दोन टोकांना ठेवा. दोन अर्धे डबे एकात ओतून जागा वाचवायची नाही. ज्याचं नाव गेलंय त्याचा वास घेऊन ओळखायला जाऊ नका. त्यावर 'माहीत नाही' असंच लिहा.

सगळ्यांत जास्त भीती मला उंदराच्या औषधाची आणि गोळ्यांची वाटते. काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाइडची असते, गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. ओल लागली, ॲसिड लागलं, की दोन्हींतून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो आणि तो बंद खोलीत माणूस मारतो. हवेतली ओलसुद्धा गोळ्यांना पुरते. डबा उघडून मोजू नका, पाण्यात बुडवू नका, जाळू नका. झाकण फुगलेलं किंवा गंजलेलं दिसलं, किंवा लसणासारखा वास आला, तर हात न लावता बाहेर या, दार उघडं ठेवा आणि अग्निशमन दलाला 101 वर कळवा. वास आला नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. पोरांना तर त्या बाजूला फिरकूच देऊ नका.

रंगाचं वेगळं आहे. चांगला रंग कुणाला तरी देऊन टाकावा, असं तुमच्या मनात येईल. पण घरगुती रंगात शिशाची मर्यादा 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचे डबे असतील तर अंगणवाडीच्या खिडक्यांना, पाळण्याला तो रंग नको. आणि थिनर लागलेली फडकी गोळा करून टिनाखाली ठेवू नका, नागपूरच्या मे महिन्यात तर नाहीच.

बॅटरी नवी घेताना दुकानदाराला द्या, जुनीचे पैसे वजा होतात. तिच्यातलं पाणी घरी काढायचं नाही, कुणाला काढूही द्यायचं नाही. कबाडीत शिशासाठी ती फोडतात आणि ॲसिड तिथेच मातीत जातं.

ट्यूबमध्ये पारा असतो, थोडाच, पण असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात आडव्या ठेवा. एखादी फुटलीच तर पंखा-कूलर बंद करा, खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग काचा जाड कागदाने उचला, बारीक पूड चिकटपट्टीने. झाडू लावू नका, पारा अजून पसरतो. सगळं काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा.

आता न्यायचं कुठे? घरातल्या दोन ट्यूब असत्या तर वेगळ्या बांधून, वर लिहून गाडीवाल्या दादाच्या हातात द्या म्हटलं असतं. पण हा दुकानाचा माल आहे, घरचा कचरा नाही. महापालिकेच्या गाडीत घातला तर भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाईल आणि तिथे कचरा हाताने वेचणारी माणसं आहेत. बुटीबोरीला घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारा सामायिक प्रकल्प आहे. त्याआधी सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात जा. सोबत यादी न्या : काय आहे, किती डबे, कोणता गळतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. माल घेऊन जाऊ नका, आधी यादीच दाखवा आणि ते सांगतील त्या अधिकृत गाडीनेच पाठवा. स्कूटरच्या डिक्कीतून एक बाटलीसुद्धा नाही.

आणि चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा. थिनर लागलं की पेनाची शाई जाते, पेन्सिलीचं अक्षर राहतं.